कोणता अजिनाथ?

मी एक जुना इअरपीस आहे. मित्रांनो, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या ताईंच्या कानामागून एक वायर गेलेली असते ना, तोच मी. पुण्याच्या बाजारातून मला सावेडीतल्या एका छोट्या केबल चॅनेलमध्ये आणलं. आतल्या खोलीतून संपादक कल्याणसर बोलत आणि मी ते बातम्या वाचणाऱ्या हमिदाताईंच्या कानात पोचवत असे. सात वर्षांत मी एक शब्द गाळला नाही. सगळे माझी वाहवा करत आणि मीही फुशारून जाई. ऐकलेलं खरं की खोटं, ते माझं काम नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी ऊसतोडीला निघालेला टेम्पो घोडेगावजवळ उलटला. बातमीदाराने फोनवर एवढंच कळवलं, मयत अजिनाथ. त्या भागात नाथांच्या नवसाची मुलं घरोघरी, म्हणून अजिनाथ हे नावही घरोघरी. मुकादमाच्या यादीत एकाच वस्तीवरचे दोन अजिनाथ होते.

"सर, वडलांचं नाव विचारा ना," ताई जाहिरातीच्या वेळात म्हणाल्या.

"यादीत वरचं नाव आहे ते घे. दुसऱ्यांनी आधी दाखवलं तर आपण काय माशा मारायच्या?"

मी ते जसंच्या तसं पोचवलं. ताईंनी वाचलं, अजिनाथ श्रीमंत.

दहा मिनिटांत कल्याणसरांचा कापरा आवाज आला. "हमिदा, घोटाळा झालाय. श्रीमंतचा अजिनाथ जिवंत आहे, नुसता पाय मोडलाय. तिकडे बायांनी त्याच्या बायकोच्या, रुपालीच्या, बांगड्या फोडल्या. गेला तो रंगुबाईचा मुलगा. पण तू काही बोलू नकोस. मी पडद्यावरची नावाची पट्टी काढतो, तू कांद्याचे भाव घे."

माझी वायर तुटावी असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. ताईंनी मला कानातून ओढून काढलं. त्यांच्या खांद्यावर लोंबकळत मी ऐकत होतो.

"मघाशी मी चुकीचं नाव वाचलं," त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या. "रुपालीताई, तुमचे मालक जिवंत आहेत. मला माफ करा. मृताचं नाव अजिनाथ राधाकृष्ण."

मला वाटलं, पाप फिटलं. बातम्या संपल्या आणि रुपालीचा फोन आला. ताईंनी आवाज मोठा केला.

"ताई, माजं कुकू वाचलं," ती रडत होती. "पन रंगूमावशी माज्याच घरी हुत्या. तुमी नाव वाचल्यापासनं माजं डोकं मांडीवर घिऊन बसल्या हुत्या. आपला वाचला, माजा गेला असं समजून मलाच धीर देत हुत्या. टीव्ही चालूच हुता."

ताई परत बातम्यांच्या खुर्चीत बसल्या नाहीत.

आता मी खणात पडून आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला जपूही नका. तुमच्या कानावर कुणाच्या मरणाची बातमी आली, तर ती पुढे सांगण्याआधी एवढंच विचारा, त्याच्या आईजवळ कुणी जाऊन बसलंय का?