धाकटीची पेटी

कचरागाड्यांच्या डेपोत धाकटीला नोकरी लागली ती दादामुळे. दादा बॅटरीखोलीचा मुकादम. बावीस वर्षं त्याने गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या उतरवल्या, नव्या चढवल्या. कंबर कामातून गेली, पण डेपोत शब्दाला वजन होतं. त्याच वजनावर त्याने बहिणीला इलेक्ट्रिशियन म्हणून चिकटवलं.

कचऱ्याची विजेवरची गाडी दर दहा पावलांवर थांबते. निघताना दरवेळी मोटर भसकन करंट ओढते आणि दीड वर्षात बॅटरी मान टाकते. हे धाकटीच्या डोक्यात घोळत राहिलं. शेवटी साहेबांच्या मागे लागून तिने एका गाडीत बॅटरीच्या जोडीला कपॅसिटरची पेटी बसवली. ब्रेक लागला की वाया जाणारी वीज पेटीने झटक्यात पिऊन घ्यायची, गाडी निघताना तशीच झटक्यात परत द्यायची. बॅटरीने आपलं संथपणे चालत राहायचं.

"म्हणजे धावपळ तुझी, ओझं माझं! लहानपणापासून हेच चाललंय," दादा हसला. पेटीची लोखंडी चौकट त्यानेच वेल्डिंग करून दिली.

दोन वर्षं उलटली तरी त्या गाडीची बॅटरी ठणठणीत. साहेब खूश. डेपोतल्या चाळीसही गाड्यांना पेट्या लागल्या. महिन्याला दोन-तीन बॅटऱ्या बदलायला यायच्या, तिथे सहा महिन्यांत एक येईना. मग एका सकाळी नोटीस लागली: बॅटरीखोली बंद, तिथली माणसं कचरा उचलायला गाडीवर.

धाकटी धावत साहेबांकडे गेली. "दादाला माझ्या हाताखाली द्या. पेट्या तपासायला माणूस लागतोच."

"शिकलेला लागतो, बाई. तुमचा भाऊ सातवी पास. आणि बॅटरीखोलीचं काम निम्म्यावर येईल, हे तुम्हीच लिहून दिलं होतंत ना?"

दिलं होतं. मोठ्या हौसेने.

संध्याकाळी वहिनीने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेली. दादा पलंगावर पालथा पडून कंबर शेकत होता.

"दादा, असं होईल हे मला ठाऊक नव्हतं रे."

"करंट कुठून निघून कुठे जातो ते तुला बरोबर कळतं. माणूस कुठे जाईल, तेवढंच नाही सुचलं."

"काढून टाकते त्या पेट्या."

"काढ. मग तुलाही घरी बसवतील. आता तुला चिकटवायला माझ्याकडे शब्द कुठे उरलाय?"

आता गाडी डेपोत परतली की धाकटी पेटी तपासते आणि मागच्या पायरीवरून दादा पलीकडच्या बाजूने उतरतो. एकदा तिने वाट अडवून पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. खिशातून गाडीच्या तपासणीचा कागद काढून समोर धरला.

"मॅडम, सही."

चौपन्न वर्षांच्या त्या माणसाने तिला आयुष्यात 'धाकटे'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. मागे रांगेत आणखी दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तिने सही केली.