कांजी

"अगं गोदा, हे शिखर बघ!" त्र्यंबक सरांनी आलेखाचा लांबलचक कागद टेबलावर पसरला. "आपल्या चिंचोक्यात नवी शर्करा सापडलीय. पुण्याच्या परिषदेत हेच सांगणार मी. कळवलंसुद्धा!"

गोदाने कागद जवळ ओढून पाहिला.

ठाण्याच्या त्या प्रयोगशाळेत ती वर्षभर चिंचोक्यांचा डिंक काढत होती. मुंबईच्या संस्थेत त्याचं द्रावण एनएमआरच्या चुंबकात ठेवत. रेणूतले हायड्रोजन आपापल्या जागी शिखरं उमटवत, आणि त्यावरून कुठली शर्करा कुठे जोडलीय ते कळे. या नव्या शिखराची जागा तिच्या ओळखीची होती. ती स्टार्चची होती, आणि तिच्या चिंचोक्यात स्टार्च कधीच नव्हता.

मग आला कुठून? आधीच्या नमुन्यांत तो दिसला नव्हता. या खेपेला वेगळं काय झालं? फक्त एवढंच, की प्रयोगशाळेचं पाणी गेलं होतं म्हणून गाळायचं फडकं तिने डोंबिवलीला घरी धुवायला नेलं होतं.

संध्याकाळी तिने विचारलं, "आई, ते माझं फडकं कसं धुतलंस गं?"

"कसं म्हणजे? धुतलं, कांजीत बुडवलं, वाळत घातलं." विमलाबाई भाजी चिरत होत्या. "चार लोकांत चुरगळलेलं फडकं नेणार होतीस? कसं कडक झालं होतं, बघितलंस ना?"

कांजी म्हणजे स्टार्चच. त्याच कडक फडक्यातून तिने उकळता डिंक गाळला होता.

"का गं? काही बिघडलं का?"

"नाही गं."

"चिंचोके उकळून उकळून डोकंपण चिकट झालंय तुझं. चल, पानं घे."

सकाळी तिने घरातल्या दुसऱ्या कांजी केलेल्या फडक्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. डाग शाईसारखा निळाकाळा झाला.

तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते याच महिन्यात ठरणार होतं, आणि ठरवणार सरच. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पुण्यात कुणीतरी उठून विचारेलही, पण सरांना, भर सभेत. तिने सरांच्या खोलीचं दार ढकललं.

"सर, ते शिखर स्टार्चचं आहे. फडक्याला कांजी होती. चूक माझी."

"कांजी? कुणी केली?"

"मीच, सर."

सरांनी आलेख पुन्हा पुढ्यात ओढला. "किती जणांना सांगून बसलोय मी, कल्पना आहे तुला?"



त्यांनी फोन ओढला आणि पुण्याचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत असताना त्यांनी वर न बघता समोरची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. गोदा बसली नाही.

"नमस्कार, मी ठाण्याहून बोलतोय," सर म्हणाले. मग थांबले, चष्मा काढला. "तो निबंध मागे घ्यायचाय. हो. माझीच जरा घाई झाली."