काँटेसाचं दावं

"बोनेटला हात नका लावू पाव्हनं, आत्ताच पुसलंय!" इंद्रभान ओरडले.

आत्ताच म्हणजे सकाळपासून चौथ्यांदा. संभाजीनगरहून गाडी बघायला आलेल्या सोमेश्वरने हात मागे घेतला. तीर्थपुरीच्या त्या अंगणात काळी काँटेसा इतकी चमकत होती, की घरचा कोंबडा तिच्या दरवाज्यात दिसणाऱ्या दुसऱ्या कोंबड्याशी भांडत होता.

पस्तीस वर्षांपूर्वी इंद्रभाननी मोसंबीच्या पहिल्या पैशात ती कोरी घेतली. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेल्या घरात एवढी बडी गाडी, म्हणून गाव हसलं. मग त्याच गावातल्या निम्म्या पोरी तिच्यातूनच सासरी गेल्या. आता डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं होतं. उभी गाडी सडते, हे त्यांना कळत होतं. फक्त ती चांगल्या घरी पडावी, एवढाच जिवाला घोर होता. त्यामुळे गिऱ्हाईक गाडी तपासायचं राहिलं आणि मालकच गिऱ्हाईक तपासायला लागले.

"चालवनार, का नुस्ती मिरवायला?"

"चालवणार काका. दर रविवारी."

"पावसात?"

"पावसात... नाही काढणार."

"बराबर!" इंद्रभान खुलले. "चला, मंठ्याच्या रस्त्यानं चक्कर मारू."

सोमेश्वर चालवत होता आणि इंद्रभान शेजारी. परत आले ते ओरडतच, "अगं, डाव्या बाजूनं लय झकास दिसतंय! तू इतके वर्स बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?" त्यांच्या पत्नी आसराबाई म्हणाल्या.

सौदा ठरला. आसराबाईंनी बोनेटला हळदकुंकू लावलं. सोमेश्वरने चावीसाठी हात पुढे केला आणि इंद्रभाननी चावी चटकन खिशात घातली.

"दावं देत न्हाई आमी."

"म्हणजे?"

"जनावर इकलं तरी दावं घरीच ऱ्हातं. दाव्यासंगं घरची बरकत जाती."

"पण काका, चावीशिवाय नेऊ कशी?"

"ते बी खरंय," इंद्रभान अडकले. "मेंढरू हाकून तरी नेता येतं."

सोमेश्वरचं तोंड उतरलं. तेव्हा आसराबाईंनी सरळ नवऱ्याच्या खिशात हात घातला. चावीला काळ्या लोकरीचा गोफ होता. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनीच वळलेला. गाठ पस्तीस वर्षांची, सुटता सुटेना. शेवटी दाभण घालून त्यांनी ती सोडवली.

"चावी म्हंजी गाय. दावं हे," त्या म्हणाल्या. "आता तुमचं दावं लावा पाव्हनं."

सोमेश्वरने इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकून बुटाची नाडी काढली आणि चावीत ओवली. इंद्रभान डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. एक बूट फटफटवत सोमेश्वर गाडीत बसला. वळणावर त्याने तीनदा हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसराबाई दारात आल्या, तर इंद्रभान ओलं फडकं घेऊन मोकळ्या अंगणात उभे. मनगटाला काळा गोफ.

थोड्या वेळाने इंद्रभाननी फडकं घट्ट पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं.