घंटेचा दोर

शेवटचं गायन झालं, पाळकांनी आशीर्वाद दिला, आणि लोक चपला शोधायला उठणार तोच सीलास मास्तर उभे राहिले. मंडळीचे पंच ते. शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून वर्गातलाच होता.

"पुढच्या रविवारपासून नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू, आणि आपली घंटा मुकी. सांगलीहून आणलेला नायलॉनचा दोर कुणीतरी कापून नेला, आज तो कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यात असेल. म्हणून आता विकतचा नको. घायपाताचा दोर कुणी चोरत नाही. तो आपल्या राहीबाई वळून देतील. त्यांच्या हातातलंच काम आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दाराशी चटईवर बसलेल्या राहीबाईला मात्र भर देवळात कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

हातातलंच काम! त्या हातांना कुणी विचारलं होतं?

मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेलं तिचं एकच घर. बाकीची मंडळी महारवाड्यातली, दोन पिढ्या आधी आलेली, शिकून मास्तर-नर्सा झालेली. राहीबाई आणि तिचा नवरा गुंडा, दोघांनी ह्याच देवळात डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं होतं. त्या दिवशी घरी जाताना गुंड्यानं दोर वळायचा लाकडी आकडा वसना नदीत भिरकावला. "आता कुनाचं दावं वळायचं न्हाई," म्हणाला. "आजपासनं आपुन मानसं." पुढं रेल्वेच्या रुळांवर खडी टाकून टाकून तो खंगला, दुष्काळात गेला, पण दोराला हात लावला नाही. मांग माजला, असं गाव म्हणत राहिलं.

आणि आता मंडळीही तेच सांगत होती. गाव हुकूम सोडायचं ते निदान शिवी देऊन. मंडळीनं 'बाई' लावून सोडला, एवढाच फरक.

कुणालाही सलाम न करता ती बाहेर पडली.

दोन दिवसांनी मास्तर घरी आले. घरी म्हणजे अंगणात. उंबऱ्याच्या आत ते कधीच आले नव्हते. राहीबाईनं चहा पुढं केला.

"आत्ताच घेऊन निघालो," मास्तर म्हणाले. तिच्या दारात ते नेहमीच आत्ताच घेऊन निघालेले असत. "दोराचं काय ठरवलंत? देवाचं काम आहे, राहीबाई."

"देवाचं हाय, तर तुमीच करा की. तुमास्नी हात न्हाईत व्हय?"

"मला कुठं येतं?"

"मी काय आईच्या पोटातनं शिकून आले? मारून शिकीवलंय मला."

"तसं नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडं—"

"पिढ्या काडू नगासा, मास्तर! तुमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं वढली. परवा लालासाहेबाची म्हस मेली. तवा मी आले का तुमच्या दारात? आवं मास्तर, देवाचं काम हाय, जरा शेपूट धरा, आसं म्हनाया?"

छत्री उचलत मास्तर म्हणाले, "नाताळ मुका गेला तर तुमच्यामुळं जाईल."

"जाऊ दे मुका!"

त्यांची पाठ वळायच्या आत तिनं चहा उकिरड्यावर ओतला.

रविवारी ती देवळात गेली ती प्रार्थनेला नव्हे, भांडायला. चटईवर बसलीच नाही. तडक पुढं जाऊन पंचांच्या बाकावर बसली, मास्तरांच्या बायकोला, सोफियाबाईला खेटून. सोफियाबाईनं पदर आवरून घेतला. राहीबाई मुद्दाम आणखी सरकली. मागं कुजबुज झाली. होऊ दे! कुणीतरी तोंड उघडावं, अशी ती वाटच बघत होती.

तोंड उघडलं ते साताऱ्याहून एस्टीनं आलेल्या पाळकांनी. आगमनाचा पहिला रविवार म्हणून ते येशूच्या जन्माची गोष्ट सांगू लागले. धर्मशाळेत जागा मिळाली नाही, बाळ गोठ्यात जन्मलं, गव्हाणीत निजवलं. दरवर्षीचंच. राहीबाईचे कान तापलेले होते. जागा न्हाई म्हनं! जागा आसती, देयाची नसती.

गव्हाण.

गव्हाण म्हणजे जनावरं आली. आणि ती मोकळी कशी असतील? मोकळं जनावर कडब्यासाठी गव्हाणीत तोंड घालतं, पाय टाकतं, पोर चेंगरलं असतं. बांधलेलीच असणार. दाव्यानं.

मग ते दावं वळलं कुणी?

पुढचं प्रवचन तिला ऐकूच आलं नाही. तिला गोठा दिसत होता: शेण, मूत, ओला कडबा, आणि बाळाच्या डोक्याशी खुंट्याला ताणलेला दोर. बाळाला बघायला मेंढपाळ पोचायच्या आधी, पूर्वेकडून उंटावरून शहाणी माणसं यायच्या कितीतरी आधी, कुणाच्या तरी हातचं दावं तिथं हजर होतं. ज्याला त्या धर्मशाळेनं आत घेतलं नसतं, अशा कुणाच्या तरी हातचं. बाळानं डोळे उघडले तेव्हा आईच्या तोंडाखालोखाल त्याला ते दावंच दिसलं असेल.

'आमी हुतो,' ती मनात म्हणाली. 'बाबा, तुज्या उशालाच हुतो की रं आमी.'

डिमडी वाजली, झांजा वाजल्या, मंडळी गायला उठली. राहीबाईला उठवेना. अशी शांतता तिला बाप्तिस्म्याच्या दिवशीही मिळाली नव्हती. राग गेला नव्हता. पण दिवसभर हुंदडलेलं जनावर खुंट्याला बांधल्यावर रवंथ करत बसतं, तसा तो आत बसला होता.

घरी जाऊन तिनं विळा घेतला. रेल्वेच्या कडेचं घायपात तोडलं, ओढ्यात कुजत घातलं, ठेचलं, धुऊन त्याचा वाख काढला. बाभळीचा नवा आकडा तासला. तासताना म्हणाली, "रागावू नगासा. गावाचं दावं न्हवं ह्ये." हे ती गुंड्याशी बोलत होती.

नाताळाआधीच्या शेवटच्या शनिवारी दुपारी पंच देवळात बाकं पुसत होते, सोफियाबाई झाडत होती. राहीबाई डोक्यावर वाखाचा भारा घेऊन आत शिरली आणि तो तिनं मधोमध टाकला. कुजक्या घायपाताचा वास देवळात भरला.

मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. "अहो, हे इथं कशाला? घरी वळून आणायचा!"

"येकट्यानं वळत न्हाई. दुसऱ्या टोकाला मानूस लागतं." तिनं आकडा पुढं केला. "ह्ये काम मांगाचं आसंल, तर आत्ता ह्यो भारा पेटीवते. मंडळीचं आसंल, तर धरा."

मास्तर आकड्याकडं बघत राहिले. हात पुढं येईना. दुसरे पंच खिडक्या मोजायला लागले.

"धरा की, मास्तर! चावत न्हाई त्यो."

मास्तर म्हणाले, "माझे हात... सवय नाही."

राहीबाई भारा उचलायला वाकली. तेवढ्यात झाडू टाकून सोफियाबाई पुढं आली. कुणाकडं न बघता तिनं तोच पदर कमरेला खोचला आणि आकडा हातात घेतला.

"फिरवू कसा?"

"उजवीकडं. आनि ढील देऊ नगंस, न्हाईतर गाठी पडत्यात."

"सोफिया!" मास्तर ओरडले.

"गप बसा वं! पस्तीस वर्सं तुमच्या हुकमाचाच दोर वळतेय मी."

एक दारात, एक वेदीशी. वाख पिळत, मागं सरत, दोघींनी संध्याकाळपर्यंत तीन पदरी दोर वळला. मास्तर तोवर बाकाचा एकच कोपरा पुसत होते.

आगमनाच्या शेवटच्या रविवारी घंटा वाजली. मास्तरांनीच वाजवली, ते काम त्यांनी सोडलं नाही. दोराला लावलेला हात त्यांनी आधी नाकाशी नेला, मग दोर ओढला. टोले गावावरून पार स्टेशनापर्यंत गेले. उपासनेआधी ते म्हणाले, "राहीबाईंनी मंडळीला दोर अर्पण केला, त्याबद्दल—"

"दिला न्हाई," पुढच्या बाकावरून राहीबाई मोठ्यानं म्हणाली. "वळला. दोघींनी."

कुणीतरी हसू दाबलं. मास्तरांनी घाईनं गीताचा क्रमांक सांगितला.

सोफियाबाईच्या तळहाताला फोड आले होते. हात नाकाशी नेत ती पुटपुटली, "साबणानं धुतला तरी घाण मारतोय गं."

"मारू दे," राहीबाई म्हणाली. "गोठ्यातबी मारत आसंल."

सोफियाबाईनं हात मांडीवर तसाच उघडा ठेवला, आणि दोघी गायला उठल्या.