किटलीचे कान

वायुदलात इंजिन फिटर म्हणून रामकृष्ण खांडव्यांनी उभी हयात काढली. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली तरी विमानांचा नाद सुटला नाही. दर रविवारी सकाळी ते बायकोला, सुनेत्राबाईंना, गाडीत घालून डुमना विमानतळामागच्या कच्च्या रस्त्याला लागत. मोहाच्या झाडाखाली थांबायचं, नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचं आणि मग कुंडमच्या बाजूला जंगलात भटकून जेवायला घरी. सुनेत्राबाईंना विमानांत काडीचा रस नव्हता. त्या जंगलासाठी जात.

आवाजावरून विमान ओळखण्याची रामकृष्णरावांची कीर्ती कॉलनीभर होती, कारण ती त्यांनीच पसरवली होती. जानेवारीत एकदा शेजारचे शैलेंद्र भोंडे, बँकेतून नुकतेच सुटलेले, हा चमत्कार बघायला सोबत आले.

मोहाखाली रामकृष्णराव धावपट्टीकडे पाठ करून उभे राहिले. "भोंडेजी, बोलायचं नाही. कान लावा."

सुनेत्राबाई थर्मास उघडत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली. त्याच क्षणी रामकृष्णराव म्हणाले, "आलं. एटीआर आहे. पंख्यांचं, इंदूरकडून येऊन राहिलं."

भोंडे आभाळात शोधू लागले. फांदीवर एक वानर बसलं होतं.

"अहो, मी वानराकडे पाहून राहिली होती," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"अच्छा. मग लांब असेल अजून." रामकृष्णरावांनी डोळे मिटले आणि जेटच्या व पंख्याच्या इंजिनातला फरक ते समजावू लागले. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून खरंच विमान आलं. भोंड्यांनी कानांवर हात ठेवले. वानर पळालं. रामकृष्णराव मात्र विमानाची सावली अंगावरून सरकेपर्यंत बोलतच राहिले.

भोंडे भला माणूस. वानर कुठे गेलं ते बघायला म्हणून ते दूर गेले.

"काहून सांगितलं नाही?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"काय?"

त्यांनी तेच मोठ्याने विचारलं.

"उजवा कान नोकरीतच गेला," रामकृष्णराव म्हणाले. "डावा मागच्या चार वर्षांत. वेळापत्रक पाठ आहे, तू मान वर केली की मी बोलतो. तुझं चुकत नाही कधी."

"कानांना लावायला काही देत नव्हते तिथे?"

"देत होते ना. जाड, गादीवाली टोपणं. पण आसामची थंडी. इंजिन तपासायला तासन्‌तास उभं राहा, तोवर चहा गार. मी ती टोपणं किटलीला घालायचो. अख्ख्या हँगरमध्ये आमचाच चहा गरम राहायचा."

हे सांगताना अजूनही त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. सुनेत्राबाईंना हसावं की रडावं कळेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने आपल्या तोंडाकडे इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तेही विमानासाठी.

मंगळवारी त्यांनी नवऱ्याला धरून नेलं आणि दोन्ही कानांना यंत्रं बसवून आणली. घरी येताच रामकृष्णरावांना फ्रीज ऐकू आला, चपला ऐकू आल्या, आणि स्वयंपाकघरातलं पुटपुटणंही.

"तू दिवसभर एवढं बोलतेस?"

"बेचाळीस वर्षांपासून."

पुढच्या रविवारी त्यांनी एटीआरला एअरबस म्हटलं आणि दोष यंत्रावर ढकलला. सोबत आलेल्या भोंड्यांनी मान डोलावली.

परतताना कुंडमच्या रस्त्यावर रामकृष्णरावांनी गाडी थांबवली आणि ते खाली उतरले. सागाची वाळलेली पानं पायाखाली कुरकुरत होती. दोन पावलं टाकून ते थबकले, पुन्हा दोन टाकली.

"केवढा आवाज करून राहिली ही पानं," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले आणि पार उतारापर्यंत चालत गेले.

शेवटी सुनेत्राबाईंनी हॉर्न वाजवला. तो रामकृष्णरावांना चांगला ऐकू आला, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.