सुरंगीच्या विहिरीची पुडी

वॉर्डाची चौकी म्हणजे तरी काय होतं? पत्र्याची एक खोली, एक बाकडं, दोन कंदील, एक वही आणि आत्माराम. कारभार म्हणाल तर सगळा आत्मारामच. गटार तुंबलं की बायका त्याच्या दारात, धक्क्याच्या पायऱ्या निखळल्या की बाप्ये त्याच्या दारात, आणि मूल जन्मलं की बाप आधी त्याच्याकडे, मग देवळात. म्युनिसिपालिटीचा खाकी कोट आणि पितळी बिल्ला अंगावर चढलेला, मासेमारी करणाऱ्या खारव्यांतला तो पहिलाच. त्याच्या आधीचे शिपाई नाकाला उपरणं लावून वाडीत शिरायचे आणि वहीत वाटेल ते लिहून परत जायचे. आत्माराम आला आणि लोकांना वाटलं, आता आपलं कोणीतरी तिथं बसलंय. आपला माणूस हीच त्याची सगळी कमाई, आणि तिनंच त्याचा घात केला.

चौतीस सालचा वैशाख. संगमेश्वराकडे पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, लागल्याची बातमी आली आणि सॅनिटरी इन्स्पेक्टरनं आत्मारामच्या हातात विहिरीत टाकायच्या जंतुनाशक लाल औषधाच्या दोन पुड्या ठेवल्या. वाडीत विहिरी दोनच. वरच्या आळीतली बिनकठड्याची, आणि खालची, सुरंगीच्या झाडाखालची, चिरेबंदी. सोमवारी सकाळी त्यानं वरच्या विहिरीत पहिली पुडी टाकली. पाणी जांभळट लाल झालं, चार बायकांनी चार शिव्या घातल्या, त्यानं हसून ऐकून घेतल्या. दुसरी पुडी घेऊन खाली आला तर कठड्यावर सगुणा बसलेली.

सगुणा त्याची चुलत वहिनी. नवरा होडीसकट गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. सुकी मासळी विकून तिनं एकुलत्या एक राहीला वाढवलं होतं आणि येत्या गुरुवारी राहीचं लग्न होतं, खाडीपलीकडच्या भाटे गावातल्या मुलाशी.

"भावजी, तेवढं चार दिवस थांबा," ती म्हणाली. "बुधवारी हळद. असल्या लाल पाण्यानं पोरीला न्हाऊ घालू मी? आणि पंगतीत गुलाबी भात वाढला तर वऱ्हाड पानावरनं उठून जाईल."

"वैनी, साहेबाचा हुकूम आहे."

"साहेबाचा हुकूम, आणि मी कोणी नाय होय?"

आई गेल्यावर याच बाईच्या हातची पेज पिऊन तो मोठा झाला होता. त्यानं पुडी कोटाच्या खिशात सारली. शुक्रवारी टाकू, चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय! चौकीत जाऊन वहीत मात्र त्यानं दोन्ही विहिरींपुढे 'टाकले' असं लिहिलं, कारण साहेब संध्याकाळी वही बघायचा. आपण खोटं लिहितोय असं त्याला वाटलंसुद्धा नाही. घरच्या माणसाची अडचण भागवली, एवढंच वाटलं. खालचं पाणी लाल दिसलं नाही, तेव्हा आत्मारामनं रात्री औषध टाकलं असेल आणि उजाडेपर्यंत रंग उतरला असेल, असं बायकांनी आपलंच धरून घेतलं.

लग्न झोकात झालं. भात पांढराशुभ्र, वऱ्हाड खूश. एक राहीचा मामा तेवढा, संगमेश्वराहून आलेला, पंगतीतून उठला तो उलट्या-जुलाबांनी आडवाच झाला. त्याची धोतरं बायकांनी सुरंगीच्या विहिरीच्या काठावर धुतली. वाडीत धुणं धुवायचं ते तिथंच. शुक्रवारी पुडी टाकायची आत्मारामला आठवण होती, खोटं कशाला बोला. पण शुक्रवारी मामाला खाटेवर घालून इस्पितळात न्यायला चार माणसं लागली आणि त्यांतला एक तो होता. शनिवारी मामा गेला. रविवारी शेजारची यमुनाबाई गेली. दोन मयतांच्या धावपळीत पुडी खिशातच राहिली.

सोमवारी इन्स्पेक्टर स्वतः वाडीत आला. सगुणाच्या दारचा मांडव अजून उतरवला नव्हता, त्याच्याच सावलीत उभं राहून त्यानं वही मागितली.

"वरच्या विहिरीला कठडा नाही, रस्त्याची घाण आत जाते. ती आजपासून बंद," तो म्हणाला. "ही खालची बांधीव आहे, औषधही पडलंय. सगळ्यांनी हीच वापरायची. आत्माराम, वर फळ्या ठोक आणि दवंडी दे."

औषध पडलेली विहीर बंद होत होती आणि न पडलेली सगळ्या वाडीच्या गळ्यात पडत होती. हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं. आत्मारामनं सगुणाकडे पाहिलं. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, तिनंही त्याच्याकडे पाहिलं. साहेब, मी खोटं लिहिलं. एवढंच म्हणायचं होतं. पण मग कोट जाणार, बिल्ला जाणार, घरात तीन लहान तोंडं. "होय साहेब," तो म्हणाला. सगुणानं तोंडाला पदर लावला आणि मान फिरवली. ती बोलली नाही तसा आत्मारामचा जीव भांड्यात पडला. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण पडला.

फळ्या ठोकून, दवंडी देत तो सुरंगीपाशी आला तेव्हा दुपार कलली होती. राही मांडवपरतणीला आली होती. नुकतीच होडीतून उतरून उन्हातून चालत आलेली, हातभर हिरव्या बांगड्या. विहिरीवर दहा बायका घागरी लावून उभ्या होत्या. सगुणानं पाण्याचा तांब्या भरला आणि तसाच हातात धरून राहिली. आत्मारामनं ते पाहिलं. त्या बाईचा हात पुढे होत नव्हता. राहीनंच हसत तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा प्याली.

"भाट्याचं पाणी मचूळ आहे गो आये," ती म्हणाली. "आपल्या विहिरीची सर नाय."

पुडी त्याच्या खिशातच होती. संध्याकाळी तो टाकायला गेला तर रांग. पहाटे गेला तर रांग. सगळी वाडी एका विहिरीवर आलेली, मग रांग हटणार कशी? औषध टाकायला किती वेळ लागतो, पण नंतर पाणी दिवसभर लाल राहतं. आठ दिवसांपूर्वी टाकलेलं औषध आज कसं लाल झालं, हे कोणीही विचारलं असतं. बाबांनो, माणूस भ्याला म्हणजे त्याला आपली कातडी सोडून काही दिसत नाही. आत्माराम वाईट माणूस नव्हता. तो दोनदा गेला आणि दोनदा परत आला.

बुधवारी पहाटे राहीला उलट्या लागल्या. सूर्य बुडायच्या आत सगळं आटोपलं. नखांतली हळदसुद्धा निघाली नव्हती.

गुरुवारी सकाळी आत्माराम सगुणाच्या दारात उभा राहिला. कोट त्यानं काढून हातावर घेतला होता, बिल्ला वर ठेवलेला.

"वैनी, मी साहेबाकडे चाललोय. सगळं सांगून टाकतो."

सगुणा भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. तिनं त्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी माझ्या जिभेवर आलं होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, भावजींनी माझ्यापायी केलं, आणि मीच त्यांच्या पोरांच्या तोंडचा घास काढू? म्हणून गप्प राहिले. मग तांब्या भरला. पिऊ नको म्हटलं असतं तर दहा जणींनी विचारलं असतं, का म्हणून. तुमचं नाव आलं असतं."

"वैनी..."

"आता सांगू नका, भावजी. आता नोकरी घालवून बसलात तर माझी पोर कशासाठी गेली?"

तो उंबऱ्यावर बसला.

"पुडी टाका जा," ती म्हणाली. "आणि कोट अंगात घाला."

त्यानं कोट घातला. विहिरीवर गेला आणि सगळ्यांदेखत पुडी सोडली. पाणी लाल झालं. बायकांनी विचारलं, पुन्हा कशाला? दुसऱ्यांदा टाकायचा हुकूम आहे, असं तो म्हणाला, आणि कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आत्माराम त्यांचा आपला माणूस होता. मग चौकीत जाऊन त्यानं मृत्यूच्या पानावर लिहिलं: राही, वय सोळा, पटकी. मागच्या पानावरचं 'टाकले' होतं तसंच राहिलं.

नोकरी त्याची शेवटपर्यंत टिकली. सगुणाच्या दारावरून तो रोज जायचा आणि काही हवं का म्हणून विचारायचा. तिनं पुन्हा कधी काही मागितलं नाही.