अर्धा श्वास

कोळ्याने मधमाशीची मान धरली, तेव्हा डेंटरने श्वास अर्धा सोडला आणि उरलेला छातीत धरून ठेवला. भोपळ्याचं फूल लेन्सपासून बोटभर अंतरावर होतं. एवढ्या जवळून माशीचा डोळा स्पष्ट आला की तिच्या मिशा धूसर होतात, आणि आपली नाडी उडाली तरी फोटो हलतो. कोळीही फुलासारखाच पिवळाधमक. बिचारी माशी प्यायला वाकली आणि तिलाच कुणी पिऊन टाकत होतं. पाय झाडत होती. डेंटरने बटण दाबलं.

गॅरेजात मोटारींचे पोचे ठोकून काढणं हा त्याचा धंदा, आणि हात नेहमी तोंडाच्या आधी चालायचा. बायको होती तोवर तिच्यावर, मग पोरीवर. पोरीचं लग्न झालं, रिकामं घर खायला उठलं, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या नादाने त्याने कॅमेरा घेतला. परसात किड्यांमागे पोटावर सरपटता सरपटता हात आवरायची कला बेट्याला म्हातारपणी आली. आता काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो.

परवा लेक बॅग घेऊन माहेरी आली. बाही वर सरकली तेव्हा दंडावरचे डाग दिसले.

"दारावर आपटले," ती म्हणाली.

पोचा बघून मार कशाचा ते ओळखण्यात त्याची हयात गेली होती. दाराची कड एक लांब रेघ उठवते. इथे चार बोटं होती आणि मागे अंगठा. पण विचारणार कोणत्या तोंडाने? शाळेत बाई विचारायच्या तेव्हा हीच पोर हेच वाक्य म्हणायची, त्याला वाचवायला.

"तो येईल न्यायला," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये पडायचं नाही. कुणावरही हात उचललात ना बाबा, तर मला बाप नाही. निघून जाईन इथूनही."

आणि आज जावई आला, तो थेट परसातच.

"सासरेबुवा किड्यांचे फोटो काढतायत होय? छान!" त्याने फूल खुडलं, कोळ्यासकट चुरगाळलं आणि हात पँटला पुसला. लेक मागच्या दारात उभी होती. "चल. तमाशा पुरे झाला." त्याने तिचा दंड धरला. बोटं बरोबर जुन्या डागांवर बसली.

डेंटरच्या मुठी वळल्या. डोक्यात सणक गेली. त्याने श्वास अर्धा सोडला, उरलेला धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जागचा हलला नाही.

लेकीने हिसडा देऊन दंड सोडवला आणि भिंतीला टेकवलेला कॅमेऱ्याचा स्टँड उचलला.

पहिला तडाखा गुडघ्यावर बसला. जावई वेलात कोसळला. दुसरा खांद्यावर, तिसरा तोंडावर. ओठ फाटला आणि दात मातीत पडला.

"अगं थांब, मरेन मी!" तो रक्त थुंकत ओरडला.

ती थांबेना. डावा पाय पुढे, कोपर अंगाशी, मनगट अगदी शेवटी सैल. हा ठोका डेंटरने तिला कधी शिकवला नव्हता. तिने तो लहानपणी खालून बघितला होता.

पुढचा तडाखा डोक्यावर पडणार, एवढ्यात डेंटरने स्वतःचा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

लेक स्टँड उगारून तशीच उभी राहिली.

"अर्धा श्वास सोड," तो कळ सोसत म्हणाला. "आता धर. हं. ठेव खाली."

तिने ठेवला. जावई कसाबसा उठला आणि तोंड दाबून, लंगडत, मागे न बघता चालता झाला.

दवाखान्यात नर्सने हाताला फळी लावता लावता विचारलं, "काय झालं, काका?"

"दारावर आपटलो," डेंटर घाईघाईने म्हणाला. पोरीचं एवढं तरी देणं फेडावं, असं त्याला वाटलं.

"दार नव्हतं," लेक म्हणाली. "मी मारलं." मग ती बापाकडे वळली. "आणि लहानपणी मला लागायचं, तेही दार नव्हतं."

नर्सचे हात थांबले. डेंटरने श्वास धरायला बघितलं, पण तो काही केल्या धरता येईना.

"नव्हतं," तो म्हणाला.

लेक उठून गेली नाही.